मापाची रेघ

१

माझी बायको सुमती खेकड्यांना आपली सवत म्हणायची. "निघालात सवतीकडे?" असं दारात उभं राहून विचारायची आणि डबा माझ्या सायकलच्या हँडलला अडकवायची. शेजारच्या जानकीबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचो.

मी श्रीनाथ. भिवंडीतल्या एका हायस्कुलात तेव्हा चित्रकलेचा मास्तर होतो. १९७३ चा पावसाळा सरला आणि ठाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सुधीरने, माझ्या जुन्या वर्गमित्राने, मला एका कामाला जुंपलं. अंजूरच्या खाडीकाठच्या चिखलात बोटाच्या पेराएवढे खेकडे असतात. त्यांच्यावर तो पुस्तक लिहीत होता आणि चित्रं मी काढायची होती. फोटो का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "फोटोत सगळंच येतं रे. मला नेमकं तेवढंच बघणारा माणूस हवाय." मी खूश झालो. स्तुती केली की मास्तर माणूस पुढचं काही विचारत नाही.

अष्टमीच्या आसपास भरदुपारी ओहोटी असते. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा, अष्टमीजवळच्या रविवारी मी अंजूरला जायचो. चिखलात चार खुंट्या ठोकून, दोरी बांधून मीटरभराचा चौकोन आखला होता. त्यात दोरीचीच शंभर घरं. प्रत्येक घरात जे दिसेल ते कागदावरच्या त्याच घरात उतरवायचं, एवढंच काम. हे खेकडे चिखल खरवडतात, त्यातलं हवं ते खातात आणि उरलेल्याच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून मागे टाकतात. ओहोटी संपेपर्यंत सगळा चिखल गोळ्यांनी भरतो. भरती आली की पुसला जातो. आम्ही चित्रात छाया दाखवायला शाईचे दाट-विरळ ठिपके देतो; मला त्या गोळ्या अगदी तशा वाटायच्या.

सुधीरने मला पाच पायऱ्या लिहून दिल्या होत्या. बघ, काढ, मोज, उचल, उलटव. प्राणी आधी त्याच्या जागेवर जिवंत बघायचा. मग त्याचं चित्र काढायचं, मापं घ्यायची. सगळे अवयव नीट जुळले की एक नमुना उचलायचा आणि स्पिरिटच्या बरणीत टाकायचा. मग हातपाय पसरून, उलटा करून त्याची खालची बाजू काढायची. शेवटी चित्राखाली उजव्या कोपऱ्यात मापाची रेघ ओढायची, म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीक उभी खूण. ती रेघ ओढली की चित्र पुरं.

सुमतीला या पायऱ्या पाठ झाल्या होत्या. वांगं चिरायला घेतलं की ती ते डोळ्यांसमोर धरून म्हणायची, "बघ, काढ, मोज..." आणि विळीवर धरायची.

२

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती हट्टाने माझ्याबरोबर आली. सायकलवर मागे बसून, मांडीवर डबा घेऊन. अंजूरला सावळाराम नावाचा शेतकरी होता. खाडीच्या बांधालगत त्याची भातशेती. मी चिखलात उतरलो की तो बांधावर बसून विडी ओढायचा, भरतीवर लक्ष ठेवायचा आणि पाणी फिरलं की मला हाक मारायचा. त्याने सुमतीला तिवराच्या झाडाच्या सावलीत बसवलं.

मी खाली मान घालून काम करत होतो. तिला राहवलं नाही. चपला काढून, साडी घोट्याच्या वर धरून ती चिखलातून माझ्यापर्यंत आली आणि वाकून बघायला लागली. तोल गेला तसा तिचा उजवा पाय थेट चौकोनात पडला.

मी ओरडलो. तीन फेऱ्यांची नोंद बिघडली, अक्कल आहे की नाही, असं काहीबाही बोललो. बांधावरून सावळाराम म्हणाला, "मास्तर, बाईंना कशाला वरडतांव? पाय सगल्यांनाच हायत."

सुमतीने पाय हळूच उचलून मागे घेतला. तिचा चेहरा एवढासा झाला. मी पट्टीने तो ठसा बुजवून जागा सारखी केली आणि वहीत लिहिलं, "घर क्र. ६४ ते ८५, मनुष्याचं पाऊल, दुर्लक्ष करावे."

परत येताना ती सायकलवर मागून म्हणाली, "खेकड्यांच्या पोटाखालचे केससुद्धा मोजता तुम्ही. माझा चेहरा कधी काढलात?"

खरंच काढला नव्हता. अकरा वर्षांत एकदाही नाही. मी म्हणालो, काढू की, घरातच तर आहेस, कुठे पळतेस.

३

पुढच्या पंधरवड्याला त्याच घरांमध्ये मला एक वाकडी मोकळी पट्टी दिसली. आजूबाजूला गोळ्याच गोळ्या, आणि मध्ये बोटभर रुंदीची, वळत गेलेली स्वच्छ रेषा. ठसा मी बुजवला होता, त्यावरून निदान सत्तावीस वेळा भरती येऊन गेली होती. खाली चिखल घट्ट झाला असेल, खेकडे तिथे खरवडत नसतील, असं कारण मी शोधलं आणि दिसलं तसं काढलं. कारण अजिबात वाईट नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच देईन.

डिसेंबरात त्या रेषेचा पाय झाला.

पायाचा ठसा म्हणजे खळगा असतो, त्याची कड आत गेलेली असते. इथे चिखल सपाट होता. हे चित्र होतं. टाच, घोटा, पावलाची वरची बाजू, पाच बोटं. एका बाजूला गोळ्या दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ होत गेलेल्या. उजेड डावीकडून वरून येतो असं धरून छाया दिली होती. उजेड डावीकडूनच धरायचा, हे मी सतरा वर्षं पोरांना शिकवत आलो होतो.

मी सावळारामला खाली बोलावलं. तो दोन पावलं अलीकडेच थांबला.

"पाय हाय," तो म्हणाला.

"कुणी काढला? गावातलं कुणी येतं का इकडे?"

"यो काडलेला वाटतं तुमाला? मी सकालधरनं बांधावर हाय. पानी गेला तवा हितं कायच नव्हता. मंग ही बारकी खेकडी आली, आन् त्यांनी केला."

मी हसलो. प्राण्याला नक्षी जमते, मुंग्यांना जमते, मधमाश्यांना जमते. आपल्या डोळ्यांना ढगातसुद्धा हत्ती दिसतो. असं सगळं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बांधावर जाऊन बसला.

आता मी पुढे जे केलं ते सांगतो. ते चित्र चुकलं होतं. पाचही बोटं सारख्या लांबीची होती, पाचवीतली पोरं काढतात तशी. माझ्या हाताला खोड आहे. वर्गात फिरताना चुकलेलं चित्र दिसलं की पोराच्या हातातली पेन्सिल घेऊन मी ते दुरुस्त करतोच, मग ते पोर कुणाचंही असो. मी तिवराची काडी उचलली, अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक पुसलं आणि ते अंगठ्यापेक्षा पुढे नेलं. करंगळी थोडी आत वळवली. मग लांब होऊन बघितलं. आता पाय जिवंत वाटत होता.

समाधान वाटलं मला. ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

४

जानेवारीतला रविवार. दुरुस्ती मान्य झाली होती. दुसरं बोट लांब, करंगळी आत वळलेली. शिवाय दोन गोष्टी नव्या होत्या. लांब बोटात जोडवं होतं, आणि करंगळीला नख नव्हतं. बाकी चारही बोटांची नखं गोळ्यांनी नीट दाखवलेली, करंगळीची जागा मात्र कोरी.

नख राहून गेलं असेल, असं म्हणून मी सायकल काढली. वाटेत कुठेही थांबलो नाही.

सुमती स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होती. उजवा पाय विळीच्या पाटावर ठेवलेला. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. त्या दिवशी चिखलात मी आठवणीतून बोट काढलं होतं, आणि माझ्या आठवणीत पाय तरी दुसऱ्या कुणाचा असणार? मी खाली बसून तिची करंगळी हातात घेतली.

तिला नख नव्हतं.

"हे कधी झालं?"

"काय?"

"नख."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग खदाखदा हसायला लागली. "अहो, मी सहा वर्षांची असताना पाट्यावरचा वरवंटा पडला होता. परत आलंच नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, तुम्हाला आज दिसलं?" तिने जानकीबाईंना भिंतीपलीकडून हाक मारून हेही सांगितलं. जानकीबाईही हसल्या.

मला फार लाज वाटली. खेकड्याच्या नांगीवरचे दात मोजणारा मी. आणि भीती वाटली ती त्यानंतर, हात धुताना. जे मला दिसलं नव्हतं ते तिकडे कुणाला तरी एका ठशावरून दिसलं होतं.

५

पण माणूस एकदम भीतीला शरण जात नाही. मी पडताळा घ्यायचं ठरवलं. योगायोग असेल तर मापात फरक पडणारच. मी सुमतीला म्हटलं, बस, तुझा पाय काढतो.

"पाय?" ती म्हणाली. "चेहरा नाही?"

"पायापासून सुरू करू. वर येऊ हळूहळू."

ती इतकी आनंदली की मला बघवेना. ठेवणीतली साडी नेसली, पाय हळद लावून धुतला. मी कर्कटकाने मापं घेत होतो आणि ती गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. तासाभरात पायाचं चित्र झालं. मग तिनेच हात पुढे केला, म्हणून हातही काढला. डाव्या हाताची पाचही बोटं, मनगटापर्यंत. बाहेर कापडाच्या लूमचा खडखडाट चालला होता आणि आमच्या खोलीत पेनाची टोक्‌टोक्‌. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी तिच्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं.

पायाचं चित्र मी पुढच्या फेरीला अंजूरला नेलं आणि चिखलातल्या पायाशेजारी धरलं. नऊ फरक निघाले. घोट्याचं हाड इथे वर होतं, टाच रुंद होती, जोडव्याला दोन वेढे हवेत तिथे एकच होता. मी एकेक फरक मोठ्याने वाचत वहीत लिहिला. जीव हलका झाला. सावळारामलाही ऐकवलं.

तो विडी न पेटवताच बसला होता. "मास्तर," तो म्हणाला, "कागुद कशाला दाकवलात त्याला?"

"कुणाला?"

त्याने न पेटवलेली विडी कानामागे खोचली.

फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो तेव्हा नऊपैकी एकही फरक शिल्लक नव्हता. पायाच्या वरच्या बाजूला, दोरीच्या बाहेर, चिखलात डावा हात होता. पाच बोटं, मनगटापर्यंत. अनामिकेवरचा भाजल्याचा डाग जसा मी तीन ठिपक्यांनी दाखवला होता, तशा तीन गोळ्या.

हाताचं चित्र मी अंजूरला नेलंच नव्हतं. ते घरी ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली होतं.

६

मी चित्र काढणं बंद केलं. सुधीरला कळवलं की डोळ्यांचा त्रास आहे. घरातल्या स्पिरिटच्या बरण्या गटारात ओतल्या. शाळेत फळ्यावर कमळसुद्धा काढेना. पोरांना पुस्तकातलं बघून काढायला लावलं. पेन, कर्कटक, शाईची दौत सगळं बांधून माळ्यावर टाकलं.

मार्चमध्ये एकदाच गेलो, खुंट्या उपटायला. चौकोन मी लावला होता, तो मीच काढायला हवा होता. चिखलात उतरणार तेवढ्यात सावळारामने दंडाला धरलं.

"खाली जाव नका. तुमी नेहमी नाक घालून बसतांव खाली. आज हितनं बगा."

मी बांधावर उभं राहून बघितलं. ऊन डोक्यावर होतं. तिवरांपासून पाण्याच्या कडेपर्यंत सगळा चिखल भरला होता. ओळीने चित्रं मांडली होती, जशी मी टेबलावर मांडतो तशी, प्रत्येकाभोवती सारखी जागा सोडून. पाय वरून, पाय बाजूने, तळपाय. हात, मनगट, कोपर. कान, त्यात कुडी. मानेवर टेकलेला अंबाडा. यांतल्या बहुतेक अवयवांची चित्रं मी कधीच काढली नव्हती, पण एका अवयवावरून बाकीचा अंदाज बांधता येतो. सुधीर नेहमी म्हणायचा, हाडाचा एक तुकडा दे, प्राणी उभा करतो.

मध्यभागी सगळ्यांत मोठं चित्र होतं. पूर्ण बाई, उताणी, हातपाय पसरलेली. डोक्याचा घेर होता, केस होते, कान होते. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. थाळीसारखा गुळगुळीत चिखल. हजारो खेकडे त्या जागेच्या कडेला येऊन थांबले होते. ते खरवडत नव्हते, हलत नव्हते.

मी उजव्या कोपऱ्यात बघितलं. मापाची रेघ नव्हती.

"चेहरा ठाऊक न्हाय त्यांना," सावळाराम हळूच म्हणाला. "तवर बाई तुमच्या हायत. मी सांगतंय म्हणून न्हाय, बाईंसाठी तरी आता हिकडं येव नका. आन् काय काडू नका."

मी त्याच्या पायाच पडणार होतो. पडलो नाही, पण वाटलं तसं. मोज आणि उचल यांच्यामध्ये एक चेहरा उरला होता, आणि तो देणं किंवा न देणं माझ्या हातात होतं. इतकं स्पष्ट मला आयुष्यात दुसरं काही कळलेलं नाही.

७

सुमतीला हे कसं सांगायचं? एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, "उन्हात बसून बसून डोकं तापलंय तुमचं," आणि कपाळावर हात ठेवून ताप बघितला.

मग ती चेहऱ्याची वाट बघायला लागली. पायापासून सुरू करू, वर येऊ, असं मीच म्हणालो होतो ना? पहिल्या आठवड्यात चेष्टेने विचारायची. मग नुसतंच. मग एकदा तिने ठेवणीतली साडी नेसली, वेणीत अबोली घातली आणि खिडकीपाशी, डावीकडून उजेड येईल अशी, बसून राहिली. मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. आलो तेव्हा ती साडी घडी करून ठेवत होती.

"मी काय इतकी वाईट दिसते?" तिने विचारलं.

मला रडू येत होतं. तुझा चेहरा मला या घरात हवाय म्हणून मी काढत नाही, हे मी कुठल्या भाषेत सांगणार होतो? मी म्हणालो, डोळे दुखतात. ती म्हणाली, "वर्तमानपत्र वाचायला नाही दुखत."

त्यानंतर ती सवतीची थट्टा करेनाशी झाली. घरात आम्ही मीठ दे, दार लाव एवढंच बोलायचो. मी तिच्याकडे चोरून बघायचो. चेहरा पाठ करत होतो, पण हात पाठीमागे बांधून. आणि मनातला मास्तर रोज म्हणायचा की अरे, तू शिकलेला माणूस, खेकड्यांना भिऊन बायकोचं मन मोडतोस? मी त्याला गप्प करायचो. दिवसेंदिवस ते जड जाऊ लागलं.

एप्रिलच्या एका शनिवारी, अर्धी शाळा करून दुपारी घरी आलो तर ती जमिनीवर आरसा ठेवून बसली होती. समोर माझी जुनी वही. माळ्यावरचं बोचकं खाली काढलेलं.

"तुम्ही नाही काढत, तर मीच काढला," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसत होती. "हसू नका हं. चुकलंय का सांगा."

फार चुकलं होतं. डोळे कपाळात गेले होते. नाक म्हणजे एक उभी रेघ, ओठ चिंचेच्या बोटुकासारखे. पाचवीतलं पोर काढेल तसा चेहरा. तो जगातल्या कुठल्याही बाईचा असू शकला असता, आणि म्हणून तो अगदी निर्धोक होता. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्याशेजारी मांडी घालून बसलो.

"छान आहे," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका. पोरांना असं सांगता? डोळे कुठे असतात ते तरी सांगा. सांगायला काय डोळे दुखतात?"

"डोक्याच्या बरोबर मध्ये," मी म्हणालो. "सगळ्यांना वाटतं वर असतात. पण कपाळ जेवढं वाटतं त्यापेक्षा मोठं असतं."

"म्हणजे इथे?"

"नाही. खाली. आणखी."

"मला नाही कळत. दाखवा." तिने पेन्सिल माझ्या हातात दिली. तिची बोटं गार होती. ती आरशात न बघता माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जी आशा होती ती मी मोडायला हवी होती. पुन्हा एकदा, फक्त एकदा. चिखलाला डोळे नसतात, असं मी स्वतःशी म्हणालो. फक्त एक डोळा, असंही म्हणालो.

मी डोळा खाली आणला. मग दुसरा त्याच्याशी जुळवावा लागला. डोळे जागेवर आले की नाक खोटं दिसायला लागतं. मग ओठ. मग डाव्या भुवईतली ती तुटक जागा, आणि हनुवटीवरचा तीळ. हात थांबेना. आणि खरं सांगतो, आनंद होत होता.

तिने वही उचलून आरशाशेजारी धरली. "आता जमलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "बघा, जमतंय की."

तिने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, तेवढ्यात मी ते पान फाडून चुलीत घातलं. त्याने काही होणार नाही हे मला माहीत होतं. ट्रंकेतला हात मी विसरलो नव्हतो.

८

दुसरा दिवस रविवार. अष्टमी. मी सुमतीला सांगितलं, आज घरातच राहा, दार लावून घे, मोरीपाशी जाऊ नकोस. "बरं बाबा," ती म्हणाली. कालच्या खुशीत होती. "सवतीला सांगा, माझा चेहरा निघाला म्हणून."

मला तो चेहरा पुसायचा होता. पायांनी, हातांनी, फावड्याने, जमेल तसा. सायकलला फावडं बांधून गेलो.

सावळाराम बांधावर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

चिखल रिकामा होता. पाय नाही, हात नाही, ओळी नाहीत. एक गोळी नाही, एक बीळ नाही, एक खेकडा नाही. पुसलेल्या पाटीसारखा स्वच्छ, पाण्यापर्यंत. मधोमध माझ्या चार खुंट्या होत्या, त्या मार्चमध्ये उपटायच्या राहून गेल्या होत्या. त्यांची जागा मात्र बदलली होती. त्या आता माणसाच्या लांबीरुंदीने ठोकलेल्या होत्या, आणि दोरीला गाठ माझी होती.

"खेकडी कवा गेली?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. का, ते माहीत नाही.

"फाटं. पानी जायच्या आंगोदर," सावळाराम म्हणाला. "आता कं करतांव मास्तर? जा घरी."

अंजूरहून भिवंडी सायकलने फार लांब नाही. मी तो रस्ता कसा कापला ते आठवत नाही. लूम चालू होते, सगळ्या आळीत खडखड भरली होती. जानकीबाई आमच्या ओट्यावर उभ्या होत्या.

"बरं झालं आलात. दोनदा हाक मारली, ओ देत नाहीत. आतून कडी आहे. आणि कसला हो वास येतोय? डॉक्टरकडे येतो तसला."

मी दार ढकललं नाही. खिडकीची फळी बाजूला केली आणि आत बघितलं. तिथून खोलीचा अर्धाच भाग दिसतो.

पायांचे दोन तळवे दिसले. वर आलेले, एकमेकांपासून सारख्या अंतरावर ठेवलेले. सुमती पालथी होती. उजव्या पायात दोन वेढ्यांचं जोडवं. फरशी ओली होती. पायांच्या पलीकडे, उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढ्या चिखलाच्या गोळ्यांची एक आडवी रेघ होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीक उभी खूण.

जानकीबाई मागून विचारत होत्या, "काय दिसतंय? झोपल्यात का?"

मी फळी पुन्हा जागेवर लावली.